बाळ आधी तुमच्याकडे बघतं, मग पालीकडे

वाचकाचं पत्र

माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. रस्त्यात कुत्रा दिसला की दोन्ही हात पुढे करून 'भूऽ' म्हणते आणि माझ्या कडेवरून खाली उतरायला बघते. माझा मात्र जीव मुठीत असतो. मी आठ वर्षांची असताना एक कुत्रा माझ्यामागे लागला होता. चावला नाही, पण तेव्हापासून कुत्रा जवळ आला की माझे पाय जागच्या जागी थिजतात. पाल दिसली की मी खोलीच सोडते. परवा भिंतीवर पाल होती. मी किंचाळले, तर मुलगी पालीकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. त्या दिवसापासून एकच विचार छळतोय, माझी भीती हिला लागेल का?

नवरा म्हणतो, तू त्रास करून घेऊ नकोस, तिला फोनवर प्राण्यांचे व्हिडिओ दाखवू आणि नंतर प्राणिसंग्रहालयात नेऊ. सासूबाई म्हणतात, लहान आहे तोवर प्राण्यांपासून लांबच बरी. माझ्या बहिणीचं बाळ तीन महिन्यांचं आहे. तिचा प्रश्न असा, की एवढ्याशा जिवाला प्राणी दाखवून काही कळतं का? आणि एक गोष्ट सांगायलाही लाज वाटते. गेल्या आठवड्यात मुलीने जमिनीवरच्या मुंग्या एकेक करून बोटाने चिरडल्या आणि हसली. मांजराची शेपटीही ओढते. ती क्रूर तर होणार नाही ना? गोगलगाय बरणीत ठेवून तिला दाखवली तर चालेल का? सुरुवात कुठून करू?

— एक घाबरट आई

उत्तर

प्रिय ताई,

आधी ती सही खोडा. कुत्रा बघून जिचे पाय थिजतात आणि तरीही लेकीला प्राणी कसे दाखवू म्हणून जी पत्र लिहिते, तिला मी तरी घाबरट म्हणणार नाही.

'मुलगी पालीकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली' हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. लिहिताना तुम्हाला अपराधी वाटलं असणार. पण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात. या वयाचं मूल अनोळखी काही दिसलं की त्यावर एक नजर टाकतं आणि लगेच आपल्या माणसाचं तोंड बघतं. हे बरं आहे का? जवळ जाऊ का? असं विचारायला त्याच्याकडे शब्द नसतात, म्हणून ते डोळ्यांनी विचारतं.

१९८५ मध्ये जेम्स सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ महिन्यांच्या बाळांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एक मोठं टेबल, वर जाड पारदर्शक काच, आणि अर्ध्यावर काचेखाली खोलगट पायरी असल्यासारखा भास. पलीकडे आई उभी. बाळ रांगत त्या 'कड्या'पाशी आलं की आईने बोलायचं नाही, फक्त चेहऱ्यावर ठरलेला भाव आणायचा. ज्या १९ बाळांना आईचा आनंदी चेहरा दिसला, त्यांच्यातली १४ बिनदिक्कत पलीकडे गेली. ज्या १७ बाळांना घाबरलेला चेहरा दिसला, त्यांच्यातलं एकही पुढे सरकलं नाही. काच तीच होती आणि खोलीही तीच.

म्हणजे तुमची शंका खरी आहे, भीती पोचते. पण त्याच वाटेने कुतूहलही पोचतं, आणि ती वाट अजून पूर्ण मोकळी आहे. तुमची मुलगी कुत्रा बघून हात पुढे करते, याचा अर्थ तुमचं थिजणं तिने अजून आपलंसं केलेलं नाही.

प्राण्यांची भीती मूल जन्मतःच घेऊन येतं, असा आपला एक पक्का समज असतो. २०१३ मध्ये व्हॅनेसा लोब्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांना एका खोलीत मोकळं सोडलं. तिथे छान छान खेळणी होती आणि बंद पेटीत जिवंत प्राणी होते. मुलं खेळण्यांपेक्षा प्राण्यांकडेच जास्त वळली, आणि पेटीत साप नि कोळी असतानाही त्यांची ओढ कमी झाली नाही. ज्यांना बघून आपण मोठी माणसं अंग चोरतो, त्यांच्याकडे ही पोरं टक लावून बघत होती.

भीती शिकवता येते, हे फार पूर्वी एका बाळावरच दाखवलं गेलं, आणि त्याविषयी वाचताना माझ्या पोटात अजूनही खड्डा पडतो. १९२० मध्ये जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी ज्याला 'अल्बर्ट' म्हटलं, ते बाळ नऊ महिन्यांचं असताना पांढरा उंदीर, ससा, कुत्रा, माकड यांतल्या कशालाच घाबरत नव्हतं. पुढे ते ११ महिन्यांचं झाल्यावर, त्याने उंदराला हात लावला की त्याच्या पाठीमागे लोखंडी दांड्यावर हातोडा आपटायचा, असं सुरू झालं. थोड्याच वेळा असं केल्यावर नुसता उंदीर दिसला तरी ते रडू लागलं, आणि उंदराबरोबर ससा नि कुत्रा बघूनही. त्याची ती भीती कुणीही काढून दिली नाही. एखाद्या बाळाशी असं वागणं मला कधीच पटणार नाही. पण आपल्या घरात तो हातोडा कुठल्या रूपात असतो, याचा विचार जरूर करा. 'झोप, नाहीतर भूभू येईल!' 'शी! घाण! टाक ते!' प्राणी दिसताक्षणी झालेला हा मोठा आवाज मूल त्या प्राण्याच्या खात्यात जमा करतं. घरात कुणी तिला झोपवायला किंवा गप्प करायला प्राण्याची धमकी देत असेल, तर ती आजपासून बंद करा. घरच्यांना प्रेमाने सांगा, पण ठामपणे सांगा.

आता दिलासा देणारी गोष्ट. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२४ मध्ये, मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेने पीटर नावाच्या मुलाची हकिकत लिहिली. पीटर जेमतेम तीन वर्षांचा होता आणि सशाला भयंकर घाबरायचा. जोन्सने घाई केली नाही. ससा पिंजऱ्यात, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. सोबत सशाला न घाबरणारी मुलं. पीटर आवडीचं काही खात असताना ससा थोडासा जवळ आणायचा, तो अस्वस्थ झाला की तिथेच थांबायचं. मध्ये तो आजारी पडला, दवाखान्यातून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि भीती पुन्हा पहिल्या जागी गेली. जोन्सने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी पीटर सशाला आपली बोटं चाटू-कुरतडू देऊ लागला.

ही गोष्ट मी तुमच्या मुलीसाठी सांगत नाहीये, तिला तूर्तास तिची गरज नाही. ती तुमच्यासाठी आहे. उद्या छातीवर दगड ठेवून शेजारच्या कुत्र्याला कुरवाळायला जाऊ नका. तुमचे ओठ हसतील, पण जिच्या अंगाला तुमचं अंग टेकलंय तिला खांद्यांचा ताठपणा जाणवेलच. त्याऐवजी ज्या अंतरावर तुमचा श्वास नीट चालतो ते अंतर शोधा. खिडकीतून खालचा कुत्रा बघणं जमतं? मग तिथून. 'तो बघ भूभू. पाय खाजवतोय. आता कुठे चालला?' एवढंच बोला. दोन आठवडे फक्त खिडकी. मग रस्त्याच्या पलीकडचा, साखळीने बांधलेला, झोपलेला कुत्रा. मुंगीच्या पावलांनी चाला, आणि एखाद्या दिवशी मागे जावं लागलं तर खुशाल जा. पीटरलाही जावं लागलं होतं. मुलीने कुत्र्याला प्रत्यक्ष हात लावायची वेळ येईल तेव्हा तिच्याजवळ तुमचा नवरा किंवा कुत्र्यांत रमणारं दुसरं कुणी असू दे. तुम्ही चार पावलं मागे थांबून बघा. सगळं एकाच माणसाने दाखवलं पाहिजे असं काही नाही.

आणि दचकलात तर? दचकणारच. किंचाळी गेली तर ती लपवत बसू नका. श्वास घ्या, आवाज खाली आणा आणि तिला सांगा, 'आई दचकली. पाल होती. पाल काही करत नाही. ती बघ, चालली.' तिला सगळे शब्द कळणार नाहीत, पण भीती आली आणि ओसरली, हे ती तुमच्या तोंडावर बघेल. कधीच न दचकणारी आई तिला मिळणार नाही, पण दचकून परत शांत होणारी आई मिळेल, आणि माझ्या मते त्याचं मोल जास्त आहे.

पालीसाठी एक वेगळा उपाय सुचवते. तिच्याविषयी थोडं वाचा. माझी किळस अशीच हळूहळू गेली. घरातली पाल विषारी नसते. तिच्या बोटांना गोंद नसतो की हवा ओढून धरणाऱ्या वाट्या नसतात. बोटांखाली लक्षावधी अतिसूक्ष्म केस असतात, आणि केसाची टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की दोन पृष्ठभागांच्या रेणूंमधलं क्षीण आकर्षणच तिला धरून ठेवतं. तिला मिटणाऱ्या पापण्या नाहीत, म्हणून डोळ्यावर धूळ बसली की ती जिभेने डोळा पुसते. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा ओरडायचं विसरूनच गेले होते.

तुमचा शेवटचा प्रश्न, सुरुवात कुठून. कुत्र्यापासून नाही आणि हत्तीपासूनही नाही. जमिनीपासून करा. १४ महिन्यांच्या मुलीचं जग गुडघ्याएवढ्या उंचीवर असतं, आणि तिथे तुम्हाला भीती न वाटणारे बरेच जीव राहतात.

मुंग्यांची रांग घ्या. खाली बसा, अगदी मांडी घालून, आणि काहीच करू नका. कुठून येतात, कुठे जातात, समोरासमोर आल्या की मिशा कशा लावतात, ते बघा. मग रांगेच्या वाटेवर एका जागी बोट ओलं करून पुसा. तिथे आलेल्या मुंग्या गोंधळतात, डावी-उजवीकडे फिरतात, काही मागे वळतात. त्या डोळ्यांपेक्षा जास्त वासावर चालत असतात आणि वासाची ती रेघ आपण पुसलेली असते. थोड्या वेळाने रेघ पुन्हा जुळते. मुलीला हे कारण कळायची गरज नाही, पण तुम्हाला कळलं की तुमच्या आवाजात खरी उत्सुकता येते, आणि ती ओळखायला तुमची मुलगी अगदी तयार आहे.

गोगलगायीवर तर माझा विशेष जीव आहे. 'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण आतल्या गाठीच्या माणसांना लावतो, पण त्या बिचारीच्या बाबतीत ती अक्षरशः खरी आहे. तिचं पोट हाच तिचा पाय. प्राणिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत तिच्या गटाला उदरपाद म्हणतात ते याचमुळे. तिला ओल्या काचेवर ठेवा आणि काच उचलून मुलीला खालून बघू द्या. पायावर एकामागून एक लाटा सरकताना दिसतात आणि त्या लाटांवर ती पुढे जाते. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या असतात. वरच्या लांब जोडीच्या टोकाला डोळे, खालची आखूड जोडी वास नि चव घेणारी. काही जवळ आलं की वरचं शिंग मोज्यासारखं आत ओढलं जातं आणि मग सावकाश बाहेर येतं. माझा नातू दीड वर्षांचा असताना या एका गोष्टीकडे इतका वेळ बघत बसला होता, की मलाच पायाला मुंग्या आल्या. कुठल्याही खेळण्यापुढे तो तसा बसलेला मी पाहिला नाही.

बघण्याची ही हौस मोठ्यांनाही सुटत नाही. चार्ल्स डार्विन यांनी आयुष्याच्या अखेरीस गांडुळांवर लिहिलं, १८८१ मध्ये. गांडुळाला ऐकू येतं का, हे तपासायला त्यांनी कुंडीतल्या गांडुळांसमोर शिट्टी फुंकली, घरच्यांकडून वाद्यं वाजवून घेतली, पियानोही वाजवून बघितला. गांडुळं ढिम्म. मग कुंड्या थेट पियानोवर ठेवल्या आणि एक सूर दाबला. थरथर मातीत पोचताच गांडुळं बिळात पसार झाली. सत्तरी गाठलेला हा माणूस त्या क्षणी अगदी तुमच्या मुलीच्या जातीचा होता. पावसानंतर गांडूळ दिसलं तर शेजारी जमिनीवर हलकेच थाप मारून बघा.

बहिणीला सांगा, तीन महिन्यांच्या बाळाला कळतं. अगदी जन्मापासून काहीतरी कळत असतं. २००८ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दोन दिवसांच्या बाळांना पडद्यावर फक्त हलणारे ठिपके दाखवले. एका बाजूचे ठिपके चालत्या कोंबडीच्या सांध्यांवरून घेतलेले, दुसऱ्या बाजूचे कसेही हलणारे. ज्यांनी आयुष्यात कोंबडी पाहिली नव्हती, ती बाळं कोंबडीच्या ठिपक्यांकडे जास्त वेळ बघत राहिली. जिवंत हालचालीची ओढ आपण सोबत घेऊनच येतो. पण नवजात बाळाला स्पष्ट दिसतं ते साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं. तीन महिन्यांत नजर बरीच पुढे गेलेली असते, तरी दूरच्या झाडावरचा पक्षी दाखवण्यात अर्थ नाही. त्या वयात कान जास्त कामाचे. सकाळी खिडकीपाशी धरून 'काऊ बोलतोय' म्हणा आणि मग थांबा. आवाज आला की बाळाचं हातपाय हलवणं कसं थबकतं, ते बघा. एवढं रोज पाच मिनिटं पुरे.

तुमच्या नवऱ्याचा हेतू चांगला आहे, पण व्हिडिओंच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूने नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात दोन वर्षांखालच्या मुलांना पडद्यासमोर बसवू नका, असंच म्हटलंय. त्यानंतरही दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तेवढं चांगलं. माझं स्वतःचं कारण आणखी साधं आहे. फोनमधला हत्ती नि फोनमधला उंदीर एकाच मापाचे असतात, त्यांना वास नसतो, आणि मुलीने 'भूऽ' म्हटलं म्हणून तिथला कुत्रा कान टवकारत नाही. खरा कुत्रा टवकारतो. आपल्या आवाजाने दुसरा जीव वळून बघतो, हा अनुभव त्या पडद्यात नाही.

चित्रांची पुस्तकं मात्र जरूर आणा. नऊ महिन्यांची बाळं चित्रातली वस्तू उचलायला जातात, कागद खरवडतात, आणि दीड वर्षाच्या आसपास उचलणं सोडून बोट दाखवू लागतात. म्हणजे चित्र ही खरी वस्तू नव्हे, तिची खूण आहे, हे उमजतं. तुमची मुलगी या दोन टप्प्यांच्या मध्ये आहे, तेव्हा पानं चुरगळली तर रागवू नका. कपडे घालणारे, बोलणारे प्राणी गोष्टीपुरते छान, पण प्राण्याची ओळख करून देताना प्राणी प्राण्यासारखा दिसणारं चित्र निवडा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की माणसासारखे वागणारे प्राणी दाखवल्यावर मुलं खऱ्या प्राण्यांनाही माणसासारखं समजू लागतात आणि प्राण्याबद्दलची खरी माहिती कमी शिकतात. सकाळी अंगणात पाहिलेला पक्षी रात्री पुस्तकात सापडला, तर तिचा चेहरा बघण्यासारखा होतो.

प्राणिसंग्रहालयाची घाई नको. जाल तेव्हा एकच प्राणी ठरवा आणि त्याच्यासमोर अर्धा तास बसा. ती जिराफाकडे पाठ करून पायाशी आलेल्या कबुतराकडे बघत बसली, तर तिला फिरवून जिराफाकडे वळवू नका. तिच्या दृष्टीने कबुतर जवळ आहे, चालतंय, मान हलवतंय. जिराफ म्हणजे लांबवर उभे चार खांब. आणि गायीला 'भूभू' म्हटलं तर 'नाही' म्हणू नका, 'हो, ही गाय, हम्मा' म्हणा. चार पायांच्या सगळ्यांना एका नावाने हाक मारणं हे या वयात शहाणपणाचं लक्षण आहे. तिने त्यांच्यातलं सारखेपण ओळखलंय, फरक पुढे ओळखेल.

आता मुंग्या. ताई, तुमची मुलगी क्रूर नाही. १४ महिन्यांच्या मुलीला मरण ठाऊक नाही, दुसऱ्याला दुखतं हेही तिला अजून धडपणे समजत नाही. तिला एवढंच कळलं, की बोट दाबलं की हलणारा ठिपका थांबतो. बटण दाबून दिवा घालवण्याइतकंच ते तिला नवलाचं वाटलं, म्हणून ती हसली. ओरडलात तर ती घाबरेल आणि मुंगीशी त्या भीतीची गाठ बांधेल. काहीच बोलला नाहीत तर खेळ चालू राहील. मी काय करते ते सांगते. मुलाचं बोट हलकेच धरते आणि जमिनीवर मुंगीपासून वीतभर लांब टेकवते. 'मुंगीला वाट दे.' मुंगी बोटाला वळसा घालून जाते किंवा बोटावर चढून पलीकडे उतरते. चिरडण्यापेक्षा हा खेळ जास्त रंगतो, कारण यात मुंगी पुढे काहीतरी करते. चावणारी जात असेल तर बोटाऐवजी काडी घ्या.

मांजराच्या शेपटीचं मात्र मी इतक्या सबुरीने घेणार नाही, कारण मांजराकडे नखं आहेत. इथे शब्दांवर विसंबू नका. तिचा हात तुमच्या हातात घ्या, पंजा उघडा आणि उलट्या हाताने मांजराच्या पाठीवरून फिरवा. उलट्या हाताने शेपटी किंवा केस मुठीत पकडता येत नाहीत. 'हळूऽ' हा शब्द त्याच वेळी, त्याच लयीत म्हणा. मांजर उठून गेलं तर 'माऊला नको आहे' एवढं म्हणून जाऊ द्या. उचलून परत आणू नका. प्राण्याला नाही म्हणता येतं, हे तिला मांजर स्वतःच शिकवील.

सासूबाईंची काळजीही मी उडवून लावणार नाही, त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. कुत्रा कितीही गुणी आणि घरचा असला, तरी त्याला आणि लहान मुलाला एका खोलीत एकटं ठेवायचं नाही, एक मिनिटही नाही. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याकडे मूल जाऊ द्यायचं नाही. अंग ताठ होणं, शेपूट पायांत घेणं, मान वळवणं, सारखे ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं हे सगळं 'मला नको' म्हणणं आहे. गुरगुरण्याच्या कितीतरी आधी कुत्रा हे सांगत असतो. अनोळखी कुत्र्याला हात नाही. ओळखीच्या कुत्र्याच्या मालकाला आधी विचारायचं, मग कुत्र्याला त्याच्या मर्जीने येऊ द्यायचं, तीन सेकंद कुरवाळायचं नि हात काढून घ्यायचा. तो पुन्हा अंग घासायला आला तरच पुढे.

कुत्रा चावला, त्याचा दात किंवा नख ओरखडून गेलं, किंवा कातडी फाटलेल्या जागी त्याने चाटलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस मिळाली तर तो टाळता येतो. यात 'बघू उद्या' नको.

पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात पाल, कासव, बेडूक किंवा कोंबडीची पिल्लं देऊ नका. त्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि तुमच्या मुलीचे हात अजून तासाला शंभरदा तोंडात जातात. लांबून बघण्यात पूर्ण आनंद आहे. गोगलगायही काचेवर किंवा पानावरच, हातात नको. आणि कुठल्याही प्राण्याजवळून आलं की हात साबणाने धुणं, दोघींनीही.

राहिली तुमची बरणी. चालेल. झाकणाला भोकं पाडा, आत ओला पाला ठेवा, सावलीत ठेवा आणि तासाभरात गोगलगाय परत सोडा. तिला जिथून उचललं असेल त्याच जागी, त्याच झाडाखाली. मुलीला सोबत न्या, बरणी आडवी धरताना तिचा हात तुमच्या हातावर असू दे. गोगलगाय लगेच बाहेर येणार नाही. बऱ्याच वेळाने आधी एक शिंग दिसेल.